तीन दिवसांच्या बोलीवर लॅपटॉप

जुनी वस्तू पारखण्यात आपला हात धरणारा माणूस तालुक्यात नाही, असं तुलसीराम पटले यांचं स्वतःबद्दलचं मत होतं. सडक अर्जुनीतल्या बऱ्याच जणांना ते मान्यही होतं. सरकारी कार्यालयात ते हेडक्लार्क होते, पण लोक त्यांच्याकडे कागदाच्या कामाला जेवढे येत त्याहून जास्त बैलाच्या कामाला येत. बैलबाजारात पटलेबाबू ज्या बैलाच्या पाठीवर हात ठेवतील त्याची किंमत तिथल्या तिथे वाढायची. त्यांचं तत्त्व एकच. कोरा गोऱ्हा घेऊ नये. खांद्याला घट्टे पडलेला, दुसऱ्याच्या बांधीत, म्हणजे भाताच्या शेतात, चिखल तुडवून आलेला बैल घ्यावा, इसार देऊन घरी आणावा, तीन दिवस जुंपून पाहावा आणि मगच सौदा पक्का करावा. नाही पटला तर बैल परत, इसार परत. त्यात कोणाचा अपमान नाही, भांडण नाही.

त्यामुळे २०१४ च्या एप्रिलात सुनेसाठी लॅपटॉप घ्यायची वेळ आली आणि पुण्याच्या कारखान्यात नोकरीला असलेल्या मुलानं, ओमेश्वरनं, फोनवर सांगितलं, "बाबा, नवा नका घेऊ. रिफर्बिश्ड घ्या, म्हणजे कंपनीनं वापरून परत केलेला, दुरुस्त केलेला," तेव्हा तुलसीरामांचा चेहरा उजळला. हा तर त्यांच्या घरचाच विषय निघाला.

लॅपटॉप रेणूला हवा होता आणि चैनीसाठी नको होता. मागच्या वर्षी लग्न ठरवताना रेणूचे वडील शालीकराम दरेकशाहून दोनदा येऊन गेले होते आणि दोन्ही वेळा त्यांनी एकच गोष्ट मागितली होती. पोरीचं एम. ए. तेवढं पूर्ण होऊ द्या. तुलसीरामांनी भर बैठकीत, चार पंचांसमोर शब्द दिला होता. आता त्या एम. ए.चा शेवटचा दोर एका प्रकल्पात अडकला होता. तालुक्यातले मामा तलाव, म्हणजे मालगुजारांच्या काळातले जुने तलाव, हा विषय. हातानं लिहिलेली चौऱ्याऐंशी पानं तयार होती. कॉलेजला टाइप केलेली प्रत आणि सीडी हवी होती, सव्वीस तारखेला, शनिवारी, दुपारी चारपर्यंत. चारनंतर खिडकी बंद आणि वर्ष बुडालं.

गावात एक इंटरनेट कॅफे होता. त्याच्या मालकाच्या बहिणीचं लग्न निघालं आणि तो पंधरा दिवसांसाठी कुलूप घालून बालाघाटला गेला.

रेणूनं अकरा तारखेला सासऱ्यांना सांगितलं. शहाणा माणूस बारा तारखेला जाऊन लॅपटॉप घेऊन आला असता. तुलसीराम बारा तारखेला सल्ला घ्यायला बसले.

शेजारचे केवळराम गुरुजी म्हणाले की जुनी मशीन नागपूरलाच घ्यावी, गोंदियाचे दुकानदार नागपूरचाच टाकाऊ माल विकतात. त्यांच्या साडूचं मत होतं की नागपूरवाले रायपूरचा टाकाऊ माल विकतात. हे ऐकून गुरुजींनी साडूशी दोन दिवस अबोला धरला, त्यात दोन दिवस गेले. पलीकडच्या अनुसयाबाईंनी मोबाईलवर ऑनलाइन दुकान उघडून दाखवलं. त्यानं गावाचा पिनकोड विचारला आणि तुमच्याकडे आम्ही पोचवत नाही, असं चार शब्दांत सांगून टाकलं. महामार्गावर वसलेल्या गावाचा हा अपमान तुलसीरामांच्या मनाला इतका लागला की त्यांनी त्या दुकानाला कोणत्या शब्दांत पत्र लिहावं याचा मसुदा करण्यात एक संध्याकाळ घालवली. दिवसाआड कोणीतरी नवा सल्लागार अंगणातल्या खाटेवर येऊन बसे, चहा घेई, आणि आधीच्या सल्लागाराला खोटं पाडून जाई.

रेणू चहा देता देता कॅलेंडरकडे बघायची. एकवीस तारखेला सुंदरबाईंना राहवलं नाही. नवऱ्याच्या ताटात भाजी वाढताना त्या म्हणाल्या, "तुमी बैल घेता तवा चार दिवस बैलाकडे पाहता. आता एकदा सुनेकडे पाहा ना जी."

बुधवारी, तेवीस तारखेला, तुलसीराम पहिल्या गाडीनं गोंदियाला गेले.

पहिलं दुकान एका शेठचं. काचेचं दार, आत गारवा, भिंतीला लागून लॅपटॉपांची रांग. तुलसीरामांनी एक उचलला, वजन पाहिलं, उलटा केला, झाकण चारदा उघडून सांधे किती कुरकुरतात ते ऐकलं. भावाची गोष्ट निघाली तेव्हा त्यांनी बैलबाजाराच्या रिवाजानं खांद्यावरचा दुपट्टा शेठच्या हातावर टाकला आणि त्याखाली त्याची बोटं धरली. बाजारात भाव असाच ठरतो, दुपट्ट्याखाली बोटं दाबून, चारचौघांना कळू न देता. शेठनं हात असा ओढून घेतला की गल्ल्यावरची अगरबत्ती खाली पडली. "बाबूजी, ये क्या कर रहे हो?" एवढंच तो म्हणाला. पण दुकानातले सगळे गिऱ्हाईक वळून बघू लागले, आणि तुलसीरामांना दुपट्टा नीट घडी करून परत खांद्यावर ठेवायला बराच वेळ लागला.

तरी तीन दिवसांची बोली त्यांनी सोडली नाही. शेठनं ऑफिसचं ओळखपत्र ठेवून घेतलं आणि शनिवारी दुपारी बारापर्यंत मशीन नेऊ दिली.

दुसरं ठिकाण एक ब्युटी पार्लर होतं. म्हणजे पुढे पार्लर, मागच्या खोलीत लॅपटॉप. नवरा दिल्लीहून माल पाठवायचा, विक्री पार्लरवाली रिंकीताई बघायची. तिनं एका बाईच्या भुवया कोरता कोरता सौदा केला, सही केलेला चेक घेतला, आणि शनिवारी बारापर्यंत माल आला नाही तर सोमवारी चेक बँकेत टाकेन, असं दोरा दातात धरूनच सांगितलं.

तिसरे उदाराम मिस्त्री. पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे, आता लॅपटॉप. त्यांचं मूळ गाव तुलसीरामांच्या मामाच्या गावाला लागून निघालं, त्यामुळे काहीच ठेवावं लागलं नाही. नुसत्या शब्दावर मशीन मिळाली.

संध्याकाळी तुलसीराम तीन लॅपटॉप घेऊन गाडीतून उतरले तेव्हा त्यांची चाल तीन बैल हाकत आणणाऱ्या माणसाची होती. घरी तिन्ही खाटेवर ओळीनं ठेवल्यावर मात्र कोणता कुठला तेच कळेना. तिन्ही काळे, तिन्ही एकाच कंपनीचे, एकाच मापाचे. कुठल्याशा मोठ्या ऑफिसनं एकदम काढून टाकलेल्या कळपातलेच तिघं या तीन दुकानांत पोचले होते. तुलसीरामांनी लगेच उपाय केला. शेठच्या मशीनला लाल दोरा, पार्लरच्या मशीनला पिवळा, मिस्त्रींच्या मशीनला हिरवा.

"मामाजी, कोणताही एक द्या," रेणू म्हणाली. "मले फक्त टाइप कराचं आहे."

"कोणताही म्हणून नाही होत बाई. घाईत घेतलेला बैल ऐन रोवण्यात बसते."

आणि परीक्षा सुरू झाली. गुरुवारी तुलसीरामांनी रजा टाकली. कोणती मशीन किती दम धरते ते कळावं म्हणून त्यांनी तिन्ही लॅपटॉप चालू करून अंगणात ठेवले. एप्रिलचं ऊन. तासाभरानं हात लावून बघायचे आणि वहीत लिहायचे. सुंदरबाईंनी, दावणीला आलेलं नवं जनावर कोरडं ठेवू नये म्हणून, तिन्हींच्या झाकणाला हळदकुंकू लावलं. बघायला आलेल्या प्रत्येकानं एखादं बटन दाबून पाहिलं. या सगळ्यातून एखादी मशीन मोकळी झाली की रेणू ती आत न्यायची, एक पान टाइप करायची, पेनड्राइव्हवर उतरवून घ्यायची, तेवढ्यात बाहेरून हाक यायची की आता ही दे आणि ती ने. दुपारी केवळराम गुरुजी आत डोकावले. मशीनच्या बाजूला काहीतरी खुपसलेलं दिसलं म्हणून त्यांनी ते ओढून काढलं आणि उजेडात धरून विचारलं, "हा काय लायटर होय का जी?"

पेनड्राइव्ह त्यानंतर उघडला नाही. नवीन पेनड्राइव्ह गावात मिळाला नाही. मोबाईलच्या दुकानदारानं सोमवारी मागवून देतो म्हटलं.

त्या वेळी रेणू ओरडली नाही, की रडली नाही. तिनं समोरची मशीन उचलली, टाइप केलेली एकवीस पानं तेवढी तिच्यात उरली होती, आणि सासऱ्यांसमोर जाऊन उभी राहिली. "मामाजी, हिरव्या दोऱ्याची आता कोणी मागाची नाही. आता जे आहे ते हिच्यातच आहे."

तुलसीरामांनी मान हलवली. त्यांना पहिल्यांदाच जरा कसंतरी वाटलं, पण ते त्यांनी उन्हावर ढकललं.

मग शुक्रवार. लाइन दिवसातून पाच वेळा गेली. रेणूनं सकाळपासून संध्याकाळपर्यंत, लाइन असेल तेव्हा वायरीवर आणि नसेल तेव्हा बॅटरीवर, हिरव्या दोऱ्याच्या मशीनवर बोटं चालवली. स्वयंपाक सुंदरबाईंनी केला, भांडीही त्यांनीच घासली, आणि अंगणातल्या सल्लागारांना चहा देणं त्यांनी त्या दिवशी बंद केलं. सल्लागार आपोआप कमी झाले. दिवेलागणीला चौऱ्याऐंशीवं पान संपलं.

शनिवारची योजना सोपी होती. लाल आणि पिवळ्या दोऱ्याच्या मशीन घेऊन तुलसीरामांनी पहिल्या गाडीनं निघायचं, शेठ आणि रिंकीताईंना त्यांचा माल देऊन ओळखपत्र आणि चेक सोडवायचा. हिरवी घेऊन रेणूनं मागच्या गाडीनं यायचं. मिस्त्रींशी तिथेच सौदा पक्का, मग छपाई, सीडी, कॉलेज.

पहाटे सुंदरबाईंच्या मनात आलं की परक्याच्या वस्तू हळदकुंकवानं माखलेल्या परत करणं बरं नाही. त्यांनी तिन्ही मशीनचे दोरे सोडले, ओल्या फडक्यानं झाकणं पुसली, आणि दोरे परत बांधले. लाल, पिवळा, हिरवा. गाठी अगदी नीट.

गोंदियात शेठनं आपली मशीन घेतली, बघितलीही नाही, आतल्या माणसाकडे दिली आणि ओळखपत्र काढून समोर टाकलं. तुलसीराम हलक्या पावलानं पार्लरला गेले. आत तीन बायका चेहऱ्याला पांढरा लेप लावून डोळे मिटून बसल्या होत्या. रिंकीताईंनी मशीन उलटी केली, पोटाकडून बघितली आणि परत त्यांच्या हातात दिली.

"बाबूजी, ये मेरा माल नहीं है. मी प्रत्येक मशीनला खालून नेलपॉलिशनं नंबर टाकते. इस पे नंबर कहाँ है?"

तुलसीरामांनी पिवळा दोरा दाखवला. रिंकीताई म्हणाल्या की दोरा कोणीही बांधतं, आणि सरकारी माणसानं माल बदलून आणावा हे त्यांना नवीन आहे. लेपातले सहा डोळे उघडले. तीस वर्षांच्या नोकरीत तुलसीरामांवर असा ठपका कोणी ठेवला नव्हता. ते काहीतरी बाणेदार बोलणार एवढ्यात खिशातला फोन वाजला.

"मामाजी," रेणूचा आवाज अगदी हळू होता. "हिरव्या दोऱ्याच्या मशीनमध्ये माझं काहीच नाही. आत्याबाई म्हणतात, दोरे सकाळी सोडले होते."

तुलसीरामांच्या हातात एक मशीन होती. दुसरी शेठकडे होती. प्रकल्प या दोहोंपैकी एकीत होता.

ते चक्क पळाले. एप्रिलच्या उन्हात, दुपट्टा सावरत, बगलेत लॅपटॉप धरून छप्पन्न वर्षांचा हेडक्लार्क बाजारातून पळतोय हे ज्यांनी पाहिलं त्यांना वाटलं असेल की काही चोरून चाललाय. शेठच्या दुकानात आतला माणूस चहा पीत होता. मशीन परत आली की आधी पुसून कोरी करायची असा नियम आहे, असं त्यानं सांगितलं. झाली का? कधीचीच झाली. आत काही होतं का? त्यानं खांदे उडवले. "होगा कुछ. कौन देखता है, बाबूजी."

तुलसीराम परत पार्लरला आले, कारण रेणूला तेच ठिकाण सांगितलं होतं आणि दुसरं ठिकाण सुचण्याइतकं डोकं चालत नव्हतं. कोपऱ्यातल्या गुलाबी स्टुलावर ते मशीन मांडीवर घेऊन बसले. त्यांचा चेहरा बघून रिंकीताईंचा राग उतरला. आधी त्यांनी पाणी दिलं, मग विचारलं. ऐकून म्हणाल्या की यात काय, हीच चालू करून बघू, होगा तो होगा.

"नको," तुलसीराम म्हणाले.

"अहो, दोन मिनिटांचं काम आहे."

"चालू करू नका जी." त्यांनी दोन्ही हात झाकणावर ठेवले. "झाकलेली आहे तोवर आहे म्हणता येते."

रिंकीताई गिऱ्हाइकांकडे वळल्या. सव्वा तास तुलसीराम त्या स्टुलावर बसून राहिले. बायका येत होत्या, जात होत्या. एकीला वाटलं मेंदी काढणारे हेच. शालीकरामांसमोर बैठकीत बोललेलं वाक्य त्यांना शब्दन् शब्द आठवत होतं. ते वाक्य त्या वेळी त्यांना स्वतःलाच फार आवडलं होतं. दिल्यानंतर त्या शब्दाचं काही करायचं असतं, हे त्यांच्या आता लक्षात येत होतं. सुनेला काय हवं आहे हे पंधरा दिवसांत त्यांनी गुरुजींना विचारलं, गुरुजींच्या साडूला विचारलं, अनुसयाबाईंना विचारलं. एकटी तीच राहिली.

पाऊण वाजता रेणू आली. डोक्यावरचा पदर घामानं चिकटलेला, काखेत हिरव्या दोऱ्याची मशीन. ती काही विचारणार त्याआधी तुलसीराम उभे राहिले.

"रेणूबाई, एक शेठनं पुसली. एक हे आहे. हिच्यात नसेल तर तुयं वर्ष मी बुडवलं. तुया बाबाले मी स्वतः जाऊन सांगीन."

रेणूनं मशीन घेतली, आरशासमोरच्या फळीवर कंगव्यांमध्ये जागा करून ठेवली आणि बटन दाबलं. नेमकी तेव्हाच बाजारातली लाइन गेली. पण पार्लरमधले दिवे गेले नाहीत. वाफेच्या यंत्रासाठी रिंकीताईंनी मोठं इन्व्हर्टर बसवलं होतं. पडदा निळा झाला, मग त्यावर पासवर्ड मागणारा चौकोन आला, आणि रेणूनं खुर्ची पुढे ओढली.

"माझंच आहे," ती म्हणाली. "पासवर्ड मी काल टाकला होता."

लेप लावलेल्या एका बाईनं डोळे न उघडता "चला" म्हटलं.

मग रिंकीताईंनी रेणूनं आणलेली मशीन उलटी केली. पोटावर लाल नेलपॉलिशनं चौदा आकडा होता. ही त्यांची. त्यांनी कपाटातून पेनड्राइव्ह काढला, प्रकल्प मिस्त्रींच्या मशीनवरून आपल्या मशीनवर घेतला, सीडी तिथेच करून दिली, आणि करता करता रेणूला विचारत राहिल्या. मशीन तूच वापरणार का, गावात लाइन किती वेळ असते, पुढे काय शिकायचं आहे. रेणूही सांगत राहिली. नेट नावाची परीक्षा द्यायची आहे आणि प्राध्यापक व्हायचं आहे, हे तुलसीरामांना पार्लरच्या स्टुलावर बसून कळलं.

छपाईच्या दुकानात रांग होती, बांधणीच्या दुकानात डिंक ओला होता. कॉलेजच्या खिडकीशी पोचले तेव्हा चारला नऊ मिनिटं कमी होती. खिडकीतल्या बाबूनं पानं चाळली, सीडी फिरवली आणि प्रत परत सरकवली. सीडीच्या कव्हरवर नाव आहे, विषय नाही. सोमवारी या.

रेणू पर्समध्ये पेन शोधू लागली. बाबूनं खिडकीचं दार अर्धं ओढलं. तुलसीराम पुढे झाले. ही जागा त्यांच्या ओळखीची होती, फरक एवढाच की आजवर ते आतल्या बाजूला बसले होते.

"काही हरकत नाही साहेब," ते शांतपणे म्हणाले. "प्रकल्प वेळेत आणला होता, अमुक कारणानं घेतला नाही, एवढं एका ओळीत लेखी द्या. खाली सही आणि वेळ टाका."

बाबूनं त्यांच्याकडे पाहिलं. एका बाबूनं दुसऱ्या बाबूला ओळखायला फार वेळ लागत नाही. त्यानं खिडकी उघडली, रेणूला स्वतःचं पेन दिलं, विषय लिहून घेतला, शिक्का मारला आणि पोच फाडून दिली. चारला दोन मिनिटं होती.

बाहेर कडुनिंबाखाली रेणू पोच वाचत राहिली. त्यावर वाचण्यासारखी दीड ओळ होती. तुलसीराम खाकरले.

"मशीनचं काय कराचं? मिस्त्रीची ठेवाची, की पार्लरची?" आणि थोडं थांबून, "तू सांग."

रेणूनं फार विचार केला नाही. "पार्लरची. त्यांनी मले विचारलं तरी."

मिस्त्रींची मशीन मिस्त्रींना गेली. त्यांनी ती दोन शब्द सुनावून घेतली, कारण बोलीची वेळ केव्हाच टळली होती. तुलसीरामांनी ते खाली मान घालून ऐकून घेतलं.

सडक अर्जुनीच्या फाट्यावर गाडी थांबली तेव्हा केवळराम गुरुजी साडूसह हजर होते. दोघांत पुन्हा बोलणं सुरू झालेलं दिसत होतं. प्रकल्पाचं काय झालं हे त्यांनी विचारलं नाही. पैज लागली होती, तिचा निकाल हवा होता.

"पटलेबाबू, शेवटी कुठून घेतला जी?"

तुलसीरामांनी रेणूकडे बोट केलं. "मी नाही घेतला," ते म्हणाले. "तिले विचारा."

गुरुजींनी चष्म्यावरून रेणूकडे पाहिलं. "पार्लरमधून," रेणू म्हणाली आणि पिशवी छातीशी धरून पुढे चालू लागली. गुरुजी खो खो हसले. साडूही हसले. चांगली थट्टा करते तुमची सून, असं म्हणत त्यांनी पुन्हा विचारलं, आता खरं सांगा.

पण तुलसीराम थांबले नाहीत. चार्जरची वायर गुंडाळत ते सुनेच्या मागून घराकडे निघाले होते.